बामीबायचा खडा

खाडीवर पूल नव्हता आणि वेळ बघायची तर भरती-ओहोटीवरून बघायची, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला. शेवरखार गावातली सगळी माणसं मिठागरावर राबत. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे आणि मध्ये चिखलाचा बांध. तो फुटला, की सहा महिन्यांचं मीठ घटकाभरात पाणी होऊन जायचं. म्हणून अमावस्येच्या उधाणाला सगळा गाव बांधावर असे, आणि घरी कुणीच नाही म्हणून पोरंही तिथेच.

त्या गावात बामी राहायची. नवरा मिठाच्या गलबतावर गेलेला, घरात ती आणि चार वर्षांची मथू. बामीसारखा चिखल लिंपणारी दुसरी नव्हती असं म्हणतात.

एका उधाणाला बांध पाझरू लागला. बायका ढेकळं वाहत होत्या, पुरुष ओरडत होते, आणि मथू आईचं लुगडं ओढत होती. “आये, घरा कवा जायाचा?” बामीने तिला समजावलं, थोड्या वेळाने पुन्हा समजावलं. पोर उन्हाने शिणली होती, भुकेली होती. तिला बांधाचं काय कळणार? सातव्यांदा तिने ओढलं तेव्हा बामीच्या हातातलं ढेकूळ सुटून फुटलं. बामी म्हणाली, “जा, एकलीच जा.”

मथू शहाणी मुलगी होती. ती गेली.

बांध टिकला, मीठ वाचलं. लोकांनी बामीचं कौतुक केलं, आणि तेव्हा तिने विचारलं, मथू कुठाय? ओल्या बांधावर इवलीशी पावलं उमटली होती. पाणी सोडायच्या लाकडी दारापर्यंत, म्हणजे उघाडीपर्यंत ती गेली होती. पुढे नव्हती. तीन दिवस गावाने खाडी धुंडाळली, हाती काही लागलं नाही.

बामीला कुणी दोष दिला नाही. देणार कोण? त्या दिवशी प्रत्येकीने आपल्या पोराला तसंच काहीबाही म्हटलं होतं. त्यांची पोरं हट्टी, ती ऐकून गेली नाहीत, एवढंच. बामीला हे कळत होतं, आणि त्यामुळे तिला जास्तच सोसेनासं व्हायचं.

ती रडली नाही असं म्हणतात. वाचलेल्या राशीतला एक खडा तिने उचलला आणि जिभेवर ठेवला.

पुढच्या उधाणापासून तिने चिखलाला हात लावला नाही. वाफ्यांच्या मधोमध एक काळा कातळ होता. त्यावर ती गावची पोरं घेऊन बसायची. तिला राग येत नसे असं मात्र समजू नका. पंधरा-वीस पोरं, कुणाला तहान, कुणाला शी, दोघं केस ओढताहेत. तिचाही हात शिवशिवायचा. मग ती खडा तोंडात टाकायची. तो विरघळेपर्यंत बोलायची नाही, आणि मग बोलायची ते हळू.

असं बारा वर्षं चाललं. मग एक उधाण असं आलं, की भरदुपारी बांधाला खांड पडली, भलंमोठं भगदाडच. पाणी वाफ्यांत घुसलं आणि एकोणीस पोरांसकट कातळाला चहूकडून वेढा पडला. आया बांधावरून किंचाळत होत्या, कुणाला पोचता येत नव्हतं. बामीने धाकट्यांना मांडीवर उभं केलं, दोघांना खांद्यावर, बाकीच्यांच्या हातात लुगड्याचा पदर दिला.

पोरं विचारू लागली, घरा कवा जायाचा?

“पानी उतरला का जाऊ. सगली मिलून.”

असं म्हणतात, की एकेका प्रश्नाला पाणी केसभर चढायचं आणि बामीने उत्तर दिलं की थबकायचं. पोरांनी शंभरदा विचारलं. खडा गालात धरूनच शंभरदा तिने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं. पाणी तिच्या गळ्याशी आलं आणि तिथून पुढे चढलं नाही.

दिवस कलताना ओहोटी लागली. एकोणीसच्या एकोणीस पोरं चिखल तुडवत घरी आली. बामी तशीच बसून होती, अंग गार पडलेलं. तोंडात मिठाचा खडा होता, जसाच्या तसा.

पोरं मात्र मोठी होऊन म्हातारी झाली तरी सांगत राहिली, की आम्ही वीस होतो. बामीबायच्या मांडीवर ओल्या पायांची एक मुलगी होती. ती काहीच विचारत नव्हती.

त्या वर्षी सगळं मीठ गेलं. शेवरखारात त्याबद्दल कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

अजूनही उधाणाच्या दिवशी तिथे एक बाई कामाला जात नाही. ती पोरं घेऊन कातळावर बसते. त्याला बामी बसवणं म्हणतात. पोराला “एकलाच जा” असं थट्टेतही कुणी म्हणत नाही. आणि घरात कामाची घाई, वरून पोराची भुणभुण, हात उठायला आला, की आई आधी मिठाच्या बरणीत हात घालते. तिचा गाल फुगलेला दिसला की पोरं ओळखतात. जरा लांब सरकून, पण तिला दिसतील अशी बसतात, आणि खडा विरघळायची वाट बघतात.