अप्पांच्या शोकसभेतली दोन मिनिटं

नगराध्यक्ष भुजंगरावांपुढं उभं राहायची छाती आमच्या गावात कुणाचीच नव्हती. मल्लिनाथअप्पा शेटे होते तोवर गोष्ट वेगळी होती. अप्पांची तेलाची गिरणी, पण सगळा जीव नगरपालिकेत. आठवडी बाजारासाठी स्वतःचं मैदान त्यांनी गावाला देऊन टाकलेलं.

अप्पा गेले. शोकसभेत भुजंगराव बोलायला उठले. दाराशी त्यांची दांडगी माणसं उभी होती.

"त्या मैदानावर आता माझं कॉम्प्लेक्स होईल. कुणाचा विरोध असेल तर उभं राहा. तोंड बघून ठेवतो," असं म्हणून ते खुर्चीत बसले.

कुणी उठलं नाही. खोकला आलेल्यांनीही तो गिळला.

अप्पांच्या पत्नी गिरिजाक्का माईकपाशी आल्या.

"अध्यक्षसाहेब, श्रद्धांजली राहिली. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं."

सगळी सभा उभी राहिली. भुजंगरावांनाही मान खाली घालून उभं राहावं लागलं.

दोन मिनिटं झाली. अक्का म्हणाल्या, "आता ज्यांना तिथं कॉम्प्लेक्स हवंय, त्यांनी खाली बसावं."

कुणी हललं नाही. भुजंगरावांनी खुर्चीचा हात धरला, सभेकडं पाहिलं आणि सोडून दिला. एकट्यानं बसायची छाती त्यांचीही झाली नाही.