पाटाला लागलेली भूक

त्या दिवशी ऊन असं होतं, की कोंबड्यासुद्धा चोची उघड्या टाकून भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. वारा नावाला नाही. गोष्ट फार जुनी आहे बरं का, पण ऊन आजच्यासारखंच.

एका गावाबाहेर जुना पाट होता. त्यात पाणी येईनासं होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. नदीकाठी गाळात रुतलेलं त्याचं दार आणि वाटेवरचा दगडी पूल, एवढंच उरलेलं. रीत मात्र टिकली होती. वरात पुलावर आली, की नवरी पाटाला नारळ वाहायची.

पुलाखालच्या गारव्यात शिदू नावाचा आळशी गडी पडून असायचा. वरून नारळ पडायचा, दगडावर आपसूक फुटायचा. शिदूनं फक्त हात लांब करायचा.

त्या दिवशी एक वरात आली. एकच नारळ पडला. शिदूला हाव सुटली. त्यानं रिकाम्या माठात तोंड घातलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एकानं माझं पोट भरत नाही."

वर वाजंत्री थांबली. सगळ्यांच्या आधी नवरदेव पळाला.

संध्याकाळी गाव चावडीवर जमलं. कुणी म्हणालं पाच नारळ वाहू, कुणी म्हणालं पोतंभर. मागं बसलेला शिदू गालात हसत होता. तेवढ्यात म्हातारा गुरव म्हणाला, "पाट कधी खोबरं खातो का? त्याचं पोट पाण्यानं भरतं."

झालं. घरटी एक माणूस, गाळ काढायचा, असं ठरलं. शिदूच्या घरात शिदू एकटाच. आवाज आपलाच होता असं सांगावं, तर नारळ बंद होणार. त्यानं कुदळ उचलली.

आठ दिवस तो कण्हत खणत होता. नवव्या दिवशी दार उचललं आणि नदीचं पाणी पाटात शिरलं. शिदू पुलाकडे धावला, पण तिथं अंथरलेली त्याची घोंगडी केव्हाच वाहून गेली होती. माठ तेवढा डुलत डुलत चालला होता.

छातीभर पाण्यात उभ्या शिदूला शेजारच्या ठकूकाकीनं पुलावरून पाहिलं. या गोष्टीचं तात्पर्य मी वेगळं काय सांगू? काकीच म्हणाली, "शिदबा, तुझा आवाज मी वरातीतच ओळखला होता. म्हटलं, बोलू दे. दुसऱ्याच्या नावानं मागणाऱ्याला त्याचं कामही करावं लागतं. आता नारळ पाहिजे, तर पोहायला शीक."