ठमाई आणि देवीचे डोळे

तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पणजोबांनाही दात फुटायचे होते, त्या काळातली ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी आंबेवळण नावाचं गाव आहे. त्या गावाच्या वेशीवर, चिंचेखाली, ठमाई नावाची बाई पाणपोई चालवायची. आता पाणी पाजणाऱ्या बाया गावोगावी होऊन गेल्या, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. ठमाईची सांगतात, कारण ठमाईला विचारायची खोड होती.

साधा वाटसरू आला की ती पाणी द्यायची आणि जाऊ द्यायची. पण कुणाच्या कमरेला संबळ दिसला, काखेत बासरी दिसली, डोक्यावर मडक्यांची उतरंड दिसली, की ठमाई पदर खोचून समोर बसायची. "टेक जरा, बाबा. कुठला तू? कुनाकडून शिकलास? आन् हे करतोस कसं, ते सांग." एवढंच. मग गोंधळी आपल्या चुलत्यानं गाणं शिकवताना दिलेल्या माराचं सांगायचा, कुंभार जिभेवर ठेवून माती कशी ओळखायची ते सांगायचा, आणि बोलता बोलता दोघंही हसायचे नाहीतर रडायचे. कलावंत बोलत असेतो ठमाईचा रांजण कधी रिता झाला नाही, असं म्हणतात. रांजणात डोकावून कुणी पाहिलं होतं, ते मात्र विचारू नका.

या खोडीमागं एक दुखणं होतं. ठमाईचा बाप सनई वाजवायचा. देवळापुढं तो एक धून अशी वाजवायचा की दावणीची गुरं चारा सोडून कान टवकारायची. बाप गेला, आणि ठमाईच्या ध्यानात आलं की ही धून त्याला कुणी दिली, तो ती कशी वाजवतो, हे आपण कधी विचारलंच नाही. बापाबरोबर धूनही गेली. "तोंडात जीभ असून मुकी राहिले गं मी," असं ती बायांना सांगायची. तेव्हापासून पाणपोईवर आलेल्या कुणा कलावंताला तिनं न विचारता सोडलं नाही.

एकटा लहानू सुतार तेवढा तिला चुकवायचा. आंबेवळणात दरसाल बोहाडा होई. म्हणजे देवादिकांचे लाकडी मुखवटे बांधून गावची माणसं रात्रभर सोंगं नाचवायची, आणि उजाडता उजाडता सगळ्यांत शेवटी देवी यायची. एरवी घरोघरी खुंटीला टांगलेले ते मुखवटे लहानूनं कोरलेले. त्यांचे डोळे असे, की राक्षसाला पाहून पोरं आईमागं दडत आणि देवीला पाहून म्हातारे हात जोडत. पण ठमाईनं "कुनाकडून शिकलास?" म्हटलं, की "उपजतच हाये माज्यात," असं तोंडातल्या तोंडात पुटपुटून लहानू पसार व्हायचा. पुढं पुढं तर त्यानं पाणपोईची वाटच सोडली आणि तो नदीकडून वळसा घालून जाऊ लागला.

एका वर्षी देवीच्या मुखवट्याला वाळवी लागली. लहानूनं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा नवा मुखवटा कोरला, गेरू लावला, आणि तिथंच घोडं अडलं. डोळ्यांना काजळ लावलं की ते ओघळायचं. तो पुसून पुन्हा लावायचा, की पुन्हा ओघळ. बोहाडा तोंडावर आला. देवी आल्याबिगर बोहाडा पुरा होत नाही, आणि बोहाडा पुरा झाल्याबिगर आंबेवळणात कुणी शेतात नांगर घालत नाही. गाव हवालदिल झालं.

तेव्हा ठमाई पाणपोई सोडून लहानूच्या ओसरीवर गेली. त्याच साली माघात लहानूची आई, सगुणा, वारली होती.

"लहानू, मुखवट्याचं मी काय बी इचारत न्हाई," ठमाई म्हणाली. "आईची आठवण येती का रं?"

लहानूचा बांध फुटला. "डोळे माजे नव्हतेच, ठमाई. लाकूड माजं, रंग माजा. डोळे आई काढायची. दार लावून."

बोहाड्याच्या मुखवट्याला बाईचा हात लागू द्यायचा नाही, लागला तर मुखवटा होळीत टाकायचा, हा आंबेवळणचा दंडक. आणि इथं तर घरोघरच्या खुंटीवरचा प्रत्येक देव सगुणेनं डोळस केलेला! सांगावं तर सगळे देव आगीत आणि लहानू गावाबाहेर. न सांगावं तर देवी आंधळी. इकडे आड, तिकडे विहीर. ठमाईला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. पण तिला येत होतं ते एकच.

"कशी काढायची रं डोळे?"

"करंगळीनं. आदी माज्याकडं बघत बसायची. म्हनायची, तू तापानं फनफनला व्हतास तवा मी तुज्याकडं बघत व्हते, तसंच देवीनं गावाकडं बघाया पायजे."

"हे चावडीम्होरं सांग."

"जाळत्याल गं समदं!"

"जाळत्याल बी. पर न्हाई सांगितलंस, तर तुजी आई दुसऱ्यांदा मरंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं गाव जमलं आणि लहानूनं सांगितलं. एकच गलका झाला. तरणी पोरं लाकडं गोळा करायला धावली. सगळ्यांत संतापला तो देवजी भगत. देवीचं सोंग त्याच्या घराण्याचं, देवीचा मुखवटा बांधून तो जन्मभर नाचलेला. तो काठी आपटत पुढं आला, तशी ठमाई पदर खोचून त्याच्यासमोर मातीत बसली.

"देवजीबाबा, तुमाला कदी इचारलंच न्हाई मी. मुखवटा बांदल्यावर आत कसं वाटतं वो?"

देवजीनं ओरडायला तोंड उघडलं. पण हे त्याला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

"भ्या वाटतं," तो हळूच म्हणाला. "येवढं गाव बघून पाय लटपटत्यात. मंग मुखवटा चढतो, आन्... आजारपनात आई उशाला बसल्यागत वाटतं."

बोलला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. म्हातारा मटकन खाली बसला. पोरांनी हातातली लाकडं कधी खाली ठेवली, ते कुणाला कळलं नाही.

लहानूनं देवीचा कोरा मुखवटा पुढं घेतला, करंगळी काजळात बुडवली आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "मी सगुणेचा लहानू. सगुणेकडून शिकलो." त्यानं डोळे रेखले, काजळ ओघळलं नाही. आणि असं म्हणतात, की डोळे उघडल्या उघडल्या देवीनं पुढं बसलेल्या मानकऱ्यांकडं पाहिलंच नाही. ती पाहत होती पार मागं, भिंतीआड उभ्या राहिलेल्या बायांकडं.

ठमाई कधी गेली ते कुणाला नीट सांगता येत नाही. पण आजही आंबेवळणात बोहाड्याच्या आदल्या दिवशी गाव जमतं. त्याला ठमाईची विचारपूस म्हणतात. सुतार, रंगारी, संबळवाला, सोंग नाचवणारा, एकेकाला पाटावर बसवतात, आणि गावातलं कुणीही, अगदी शेंबडं पोरसुद्धा, त्याला विचारू शकतं: कुठला, कुनाकडून शिकलास, करतोस कसं? शिकवणाऱ्याचं नाव घेतल्याबिगर पाटावरून उठता येत नाही. भल्याभल्यांची तिथं भंबेरी उडते. शेवटी देवीचा मुखवटा पाटावर ठेवतात, तो अजून बिनडोळ्यांचा असतो. मग भरदुपारी, अख्ख्या गावादेखत, काजळाची वाटी बाईच्या हातात देतात.