धाकूने वाचवलेलं घर

शिरखाडी नावाच्या गावात, समुद्राच्या अगदी तोंडावर, धाकू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. स्वभावाने सोन्यासारखा. सांगितलेलं सगळं ऐकायचा, हाच काय तो त्याचा दोष.

गावात दर एक-दोन वर्षांनी वादळ यायचं आणि कौलं घेऊन जायचं. म्हणून धाकूच्या बायकोने, चंद्रीने, गावातल्या विमा एजंट केळुसकरांकडून घराचा विमा उतरवला. थोरली मुलगी सुगंधा दिवाळीनंतर बाळंतपणाला येणार होती. तिला कोरड्या खोलीत निजवायचं, एवढंच चंद्रीच्या मनात होतं.

वैशाखात वादळ आलं. अर्धं छप्पर उडालं. दर वर्षी पावसाच्या आधी कौलं उतरवून, झाडून पुन्हा लावायची गावाची रीत, आणि त्या कामात धाकूचा हात धरणारा कोणी नव्हता. पाहणीला विमा कंपनीचे साहेब येणार म्हटल्यावर त्याने उसनी कौलं आणून छप्पर पुरं केलं. अंगण सारवलं. दाराला तोरण बांधलं.

साहेब आले. छपराकडे बघितलं, तोरणाकडे बघितलं.

"नुकसान कुठे आहे?"

"तुम्ही येतलास म्हणान काढून टाकलंय," धाकू म्हणाला.

भरपाई मिळाली नाही. जाताना साहेबांनी बजावलं की पुढच्या वेळी कशालाही हात लावायचा नाही. आम्ही येऊन बघेपर्यंत सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. धाकूने ते पक्कं लक्षात ठेवलं.

आषाढात विहिरीजवळच्या शेवाळावरून चंद्री घसरली आणि अळूत आडवी झाली. वरून पाऊस. तिने हात पुढे केला. धाकू मागे सरला.

"हालू नको हां. केळुसकरांक येवंदेत, मगे उठ."

आणि तो केळुसकरांना आणायला गेला. मध्येच एक कोंबडी तिच्या पोटावर येऊन बसली. परत आल्यावर धाकूने तिलाही हाकललं नाही. न जाणो, तीही नुकसानीत धरत असतील.

केळुसकरांनी कपाळावर हात मारला. दोघांनी मिळून चंद्रीला ओटीवर आणलं. मग ते धाकूला म्हणाले, "अरे, पडलेला आधी उचलूक व्हया. पाण्यातसून काढून सुक्या जागेर नेवक व्हया. बाकीचा मगे." धाकूने मान डोलावली. साहेबांचं चुकलं होतं तर. चंद्री मात्र चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि कोंबडीशीही नाही.

भाद्रपदात केळुसकरांच्या गणपतीचं विसर्जन होतं. आरती झाली, मूर्ती हळूच पाण्यात सोडली, बायकांनी डोळ्यांना पदर लावला. धाकूने हे पाहिलं मात्र, अंगातल्या सदऱ्यासकट उडी मारली. पाण्यातून काढून सुक्या जागी न्यायचं होतं ना. मंडळी ओल्या पायांनी घरी पोचायच्या आत गणपती केळुसकरांच्या पडवीत पाटावर बसलेला. पुन्हा आरती, पुन्हा निरोप. बायकांनी पुन्हा पदर लावला, पण या वेळी हसू लपवायला.

केळुसकर चिडले नाहीत. चांगला माणूस. त्यांनी धाकूला जवळ बसवलं आणि समजावलं की देवाचं देव बघून घेईल, तू घराकडे बघ. पावसाळा संपला की पुन्हा वादळाचे दिवस येतील. नुकसान झाल्यावर धावून उपयोग नाही.

"वाचवूचा आसात ता आधी वाचव. मालकान आधी काळजी घेतली नाय, तर कंपनी पैशे देवची नाय."

हे धाकूला मनापासून पटलं. इतकी सरळ गोष्ट आजवर कोणी सांगितली नव्हती.

दिवाळी झाली आणि रिक्षावर कर्णा लावून पंचायतीचा माणूस गावभर ओरडत गेला. मोठं वादळ येतंय, किनारा सोडा. केळुसकर बायकोमुलांना घेऊन तालुक्याला भावाकडे गेले. चंद्री सुगंधाला आणायला गेली होती, ती तिकडेच अडकली. गाव रिकामं झालं, धाकू एकटाच मागे राहिला. त्याने डोक्याला फडकं बांधलं आणि शिडी लावली.

वादळ शिरखाडीला आलंच नाही. समुद्रातच त्याने तोंड फिरवलं आणि भलतीकडे गेलं. गावात माडाची एक झावळीही पडली नाही.

बस सुरू झाली तशी चंद्री सुगंधाला घेऊन परतली. त्याच गाडीला केळुसकर होते, बायकोमुलं मागून येणार होती. सुगंधाची पिशवी त्यांनीच हातात घेतली. तिघं धाकूच्या अंगणात आली आणि उभीच राहिली. चार भिंती होत्या. वर आभाळ होतं. कौलं नाहीत, वासे नाहीत, दारं नाहीत, खिडक्या नाहीत. मधोमध धाकू अंगावर पोतं ओढून झोपला होता.

चंद्रीने त्याला हलवून उठवलं आणि घर कुठे म्हणून विचारलं. धाकूने अभिमानाने रस्त्यापलीकडे बोट केलं. शाळेच्या स्लॅबखाली रचून ठेवलेलं होतं सगळं.

"एक कौल फुटाक नाय," तो म्हणाला. "वादळान वरसून बघल्यान, पाडूक काय मेळाक नाय, म्हणान परत गेला."

चंद्री तिथेच जोत्यावर बसली आणि रडायला लागली. दिवस भरत आलेली लेक, आणि डोक्यावर छप्पर नाही. केळुसकरांना राहवलं नाही. भरपाईचा तर प्रश्नच नव्हता, वादळच आलं नव्हतं. पण पोरीला उघड्यावर कसं ठेवायचं?

"रडा नको, चंद्राबाय. चेडवाक माझ्या घराक न्हेवया. माझी माजघरातली खोली मोकळीच आसा. बाळंतपण थंयच होवंदे."

चंद्रीने डोळे पुसले. उठून सुगंधाचा हात धरला. केळुसकरांनी पुन्हा पिशवी उचलली आणि ते पुढच्या वळणावरच्या आपल्या घराकडे निघाले.

"केळुसकरांनू, थयसर खंय चललास?" धाकूने मागून हाक मारली. "तुमचा घर शाळेत आसा. तुम्ही गावात नाय होतास, म्हणान तुमचा पयला काढलंय. आमच्या कौलांच्या खाली आसा."