सईच्या उंचीचं झाड

“मग वड का नको, बुवा?”

दौलतराव धुमाळांच्या आवाजाला धार होती. वडाचं रोप त्यांनी मठाच्या ओट्यावर ठेवलं होतं. मुळांना ओलं फडकं गुंडाळलेलं.

कल्याणबुवा वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नको असं मी कुठं म्हटलं? तू आशीर्वाद मागितलास. मी विचारलं, परस केवढं आहे.”

“लहान आहे.”

“केवढं लहान?”

दौलतरावांनी रोपाचं ओलं फडकं घट्ट केलं. ते वनखात्यात रेंजर होते. त्यांनी लावलेल्या वडांखाली आज बाजार भरत होते, एसट्या थांबत होत्या. कुठल्या झाडाला किती जागा लागते हे तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतःच चारचौघांत सांगत.

“दोन खाटा टाकल्या की संपतं,” ते शेवटी म्हणाले.

“आणि वड?”

“पाया उचकटेल. आडाचं बांधकाम फोडेल. ते काय मला कळत नाही?”

“मग?”

“सईच्या नावाचं झाड लावायचंय, बुवा! तिच्या नावानं तगर लावू? कण्हेर लावू? … शंभर वर्षं टिकलं पाहिजे. जाणाऱ्या-येणाऱ्यानं मान वर करून विचारलं पाहिजे, हे झाड कुणाचं म्हणून.”

सई दौलतरावांची एकुलती एक लेक. गेल्या आषाढात तापानं गेली. आठ वर्षांची होती. दौलतराव तेव्हा रडले नव्हते. लोकांना पाणी द्या, सतरंज्या अंथरा, सगळं त्यांनीच पाहिलं होतं.

बुवांनी शेंगांची परात बाजूला सारली.

“सई तुझ्या कुठवर यायची रे?”

“म्हणजे?”

“उंचीला.”

दौलतराव उभे राहिले. उजवा हात आपसूक बरगडीपाशी गेला, पालथा, एखाद्या डोक्यावर ठेवावा तसा.

आणि तिथंच राहिला. खाली येईना.

…

“वाढायची होती हो ती,” दौलतराव म्हणाले. “अजून वाढायची होती.”

“हो रे बाबा.”

बुवा गुडघ्यांवर जोर देत उठले. तो अधांतरी हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूच खाली आणला.

“तिचा हात पोचेल असं काहीतरी लाव, दौलत. काय लावायचं ते अंबूला विचार.”

“बायकोला? तिला झाडांतलं काय कळतंय?”

“झाडांतलं नकोच विचारूस.”

वडाचं रोप दौलतरावांनी येता येता गुरांच्या बाजारतळावर लावून टाकलं. तिथं त्याला हवी तेवढी जागा होती.

घरी आले तेव्हा अंबू परसात वाळलेले कपडे काढत होती. वर्षभर या घरात सईचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

“सईला… कुठलं झाड आवडायचं गं?”

अंबूचे हात थांबले.

“आज विचारताय?”

दौलतरावांनी मान खाली घातली. अंबू कपड्यांच्या ढिगाशेजारी तशीच खाली बसली.

“डाळिंब. शाळेच्या वाटेवर कुणाच्या तरी कुंपणात आहे. खाली पडलेली फुलं वेचून आणायची. ती लाल टोपणं असतात ना, ती पाची बोटांवर घालायची. म्हणायची, या पाच जावा. मग त्यांची भांडणं लावायची.”

“कशावरून?”

“रोज वेगळं. कधी पाण्यावरून, कधी शेवटच्या भाकरीवरून. करंगळी सगळ्यांत कजाग.”

दौलतराव हसले. हसता हसता त्यांनी तोंडावर उपरणं दाबलं, आणि मग त्यांना आवरेना. अंबूनं त्यांना रडू दिलं.

डाळिंबाचं रोप लागलं. भिंतीपासून जरा दूर, ऊन येईल अशा बेतानं. दोन-तीन पावसाळ्यांत त्यानं बाळसं धरलं, लाल फुलं आली, आणि गल्लीतल्या पोरी फुलं वेचायला परसात येऊ लागल्या. अंबूनं त्यांना पाच जावांची भांडणं शिकवली.

दौलतराव मात्र कात्री घेऊन झाडाशी उभे असायचे. शेंडा बरगडीच्या वर गेला की कापायचा. फांदी वर निघाली की कापायची. अंबू बघायची, बोलायची नाही. मग एका साली झाड नुसतंच हिरवं राहिलं.

त्या साली दौलतराव पुन्हा मठात गेले. बुवा आता फार थकले होते. उन्हात घोंगडीवर पडून होते. दौलतरावांनी त्यांचे पाय चेपायला घेतले.

“फूल धरत नाही, बुवा.”

“आजारलंय?”

“नाही. मीच शेंडे छाटतो. फूल शेंड्यालाच येतं.”

“ठाऊक असून छाटतोस?”

“तुम्हीच म्हणालात ना, तिचा हात पोचेल असं…”

बुवांनी डोळे मिटले. दौलतरावांना वाटलं, झोप लागली.

“सोडून दिलं तर काय होईल?”

“वर जाईल. सगळी फुलं वर लागतील. मग हात पोचायचा नाही.”

“कुणाचा?”

दौलतरावांचे ओठ हलले. जे नाव यायला हवं होतं ते आलं नाही.

“शेजारी… एक धाकटी पोर आहे. हौसा. रोज येते. झाडाखाली उभी राहते, आज तरी फूल आलं का म्हणून विचारते.”

बुवांनी डोळे उघडले. बोळक्या तोंडानं हसले.

“मग उचलून घे की तिला.”