बांधावरची सांजफेरी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा खेकडेसुद्धा माणसाशी बोलत असत आणि माणसं चक्क ऐकूनही घेत असत.

एका गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं. तळ्याच्या मातीच्या बांधावर एक राखणदार नेमलेला होता. रोज सांजेला चिकणमातीची पाटी डोक्यावर घेऊन त्याने बांधावरून फेरी मारायची, खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायची आणि वरून चोपून काढायची, असा तिथला शिरस्ता.

राखणदार कामाला वाघ होता, पण त्याला ताडीचं व्यसन जडलं. अखेर बायको लेकीला घेऊन माहेरी निघून गेली. रिकाम्या घराने त्याचे डोळे उघडले. तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन त्याने शपथ घेतली, "पुन्हा ताडीला शिवणार नाही." बायको परत आली. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," असं गाव म्हणत राहिलं, तरी पावसाळा गेला, हिवाळा गेला, गडी ताडबनाकडे फिरकला नाही.

मग उन्हाळा आला. पाणी तळाशी गेलं. राखणदार मनाशी म्हणाला, 'पाणीच नाही, तर बिळं बुजवायची कुणासाठी?' त्याने फेरी सोडली.

आता सांज रिकामी पडली आणि रिकामी सांज फार लांबते. एके दिवशी तो ताडबनात गेला, नुसत्या गप्पा मारायला. दुसऱ्या दिवशीही गप्पाच. तिसऱ्या दिवशी गप्पा मारता मारता हातात मडकं आलं.

सकाळी त्याला आरशात बघवेना. 'शपथ मोडली. बायको लेकीला घेऊन जाणारच. आता राहिलं काय?' असं म्हणत तो दुपारीच पुन्हा ताडबनाकडे निघाला. जवळची वाट बांधावरून होती.

बांधावर एका भल्यामोठ्या बिळाच्या तोंडाशी खेकडा बसला होता.

"एवढं मोठं बीळ कधी पाडलंस रे?" राखणदाराने विचारलं.

"तू घोरत पडलास तेव्हा," खेकडा म्हणाला. "पाणी चढलं की तू जागा असतोस. मी बरा तेव्हा येईन!"

राखणदार ओशाळला. खेकडा नांगी हलवत म्हणाला, "एक विचारू? बांधाला बीळ दिसलं की कुदळ घेऊन उरलेला बांध खणून काढतोस का?"

"वेडा आहे का मी? बीळ बुजवतो."

"मग आत्ता कुठे निघालास?"

राखणदाराचे पाय जागच्या जागी थांबले. तो तिथेच मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग उठून घरी गेला आणि बायकोला सगळं सांगितलं.

"वास मला कालच आला होता," ती म्हणाली.

"मग गेली का नाहीस?"

"तुम्ही सांगता की लपवता, ते बघत होते. राग आलाय मला, फार आलाय. पण पुन्हा पाय तिकडे ओढायला लागले, तर प्यायच्या आधी सांगायचं. नंतर नाही."

त्या दिवसापासून फेरी पुन्हा सुरू झाली. ताडबनाजवळची वाट त्याने सोडली, लांबची धरली. जीव फारच कासावीस झाला की तो बायकोला म्हणे, "आज जड जातंय गं." ती चूल तशीच ठेवून उठे. तो माती घाली, ती चोपी, लेक बिळं शोधी. बांध संपेपर्यंत तल्लफ ओसरलेली असे. कधी नसे, मग ती तिघं आणखी एक फेरी मारत.

पुढच्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. पाण्याने बांधाला धडका दिल्या, पण आत शिरायला त्याला एक फट मिळाली नाही. खालचं गाव सुखरूप राहिलं. खेकडा कुरकुरत ओढ्यावर राहायला गेला.

गावकरी म्हणाले, "बाबा, तू जिंकलास! सुटली ना एकदाची?"

राखणदार हसला. "ते मला नका विचारू," तो म्हणाला. "आजची फेरी व्हायची आहे अजून." आणि त्याने पाटी उचलली. मागोमाग लेक धावली.

तात्पर्य: शपथ एकदा घेऊन भागत नाही, तिची डागडुजी रोज करावी लागते; आणि एक बीळ पडलं म्हणून कुणी बांध सोडून देत नाही.