पुलावर पहिलं नाव कोणाचं?

ओढ्यावर पूल हवा, यावर राजे भानुराय आणि मल्लशेट सावकार यांचं सात वर्षं एकमत होतं. निम्मा खर्च खजिन्यातून, निम्मा सावकाराच्या तिजोरीतून, हेही ठरलेलं. अडलं होतं ते दगडावर! पुलाच्या दगडावर पहिलं नाव कोणाचं?

"राज्य आमचं, नाव आमचं वर!" राजे म्हणत.

"मग पूलही सरकारांनीच बांधावा!" मल्लशेट हात जोडून म्हणे. नम्रपणे पैसे न देण्यात त्याचा हातखंडा होता.

दर पावसाळ्यात ओढा फुगे आणि दरबारात पुलाची चर्चा होई. चर्चा मात्र कोरडीच राही.

ठकू पाथरवटीण यंदा थांबायला तयार नव्हती. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. दिवस आषाढात भरणार, आणि सुईण राहायची ओढ्यापलीकडे, मल्लशेटच्या पेठेत! माघ संपायच्या आत ठकू दरबारात हजर झाली.

"सरकार, दगड म्या घडवते. नावं तेवढी सांगा!"

राजे उखडले. "दोघांचंही नाव पहिलं येईल असं कर! उद्याच खजिना उघडतो!"

"आणि मी तिजोरी!" मल्लशेट हसला. असं होणं नाही, याची त्याला खात्री होती.

"सगळ्यांनी ऐकलं बरं का!" ठकू म्हणाली. "दगड दोन घडवते. पुलाला टोकं दोन असत्यात न्हवं? वाड्याकडनं येणाऱ्याला पहिलं नाव सरकारांचं दिसंल, पेठेकडनं येणाऱ्याला शेटजींचं!"

मल्लशेटचा चेहरा उतरला. "छान! दगड आधी बसव, पुलाचं सावकाश बघू."

"तसं कसं, शेटजी? सरकार वाड्याकडनं बांधतील, तुम्ही पेठेकडनं. पूल जुळला तर दगड टोकाला. न्हाईतर आमची रीत हाय, ज्याचं काम जिथं थांबलं, तिथंच त्याचा दगड! मग ओढ्याच्या मधोमध सगळा गाव वाचंल, कुणी कुठं हात आखडला ते!"

दुसऱ्याच दिवशी दोन्ही काठांवर चुन्याच्या गाड्या आल्या. राजांनी दहा गवंडी लावले की मल्लशेट बारा लावी. रात्री झोप मात्र दोघांनाही येईना. ज्येष्ठात पूल जुळला.

पुलाच्या मध्यावर उभं राहून राजे म्हणाले, "ठके, सात वर्षं आम्ही नाव पुढे असावं म्हणून भांडलो, आणि तू आम्हाला नाव मागे पडू नये म्हणून पळवलंस! आता तुझंही नाव कोरून घे!"

"नको सरकार! तिसरं नाव आलं की दुसरं कुणाचं, त्यावर पुन्हा सात वर्षं जातील! त्यापरीस पुलावर जकात नको, एवढं द्या."

मल्लशेटला जोराचा ठसका लागला. पेठेकडच्या टोकाला त्याने जकातीची चौकी कधीच बांधून घेतली होती!

राजांनी चौकीकडे पाहिलं, शेटजींकडे पाहिलं, आणि ते इतके हसले की पागोटं सरकलं. जकात कायमची माफ झाली, ठकूच्या हातात सोन्याची पाटली आली, आणि शेटजींची कोरी करकरीत चौकी सुईणीला राहायला मिळाली!